मधला तुकडा

पोटच्या पोराला पुरायला आईनं जायचं नसतं, म्हणून दुफिएबाई मुलाच्या, आडोमच्या, मयताला गेल्या नाहीत. आपलं लग्नातलं रंगीत पट्ट्यांचं केंटे कापड तेवढं त्यांनी लेकीच्या हाती दिलं. पेटीत त्याच्या अंगावर घाल म्हणाल्या. अफ्राकोमा ते कापड गाडीतच विसरली आणि पेटीला खिळे ठोकल्यावर तिला आठवलं. "घातलं, आई," असं तिनं खुशाल ठोकून दिलं. आता आईला मयताची फिल्म बघायची होती.

"ताई, तुमची ही हार्ड डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची," केजेतिया बाजारातला कंप्युटरवाला एन्टिम म्हणाला. "गावाकडचा जुना टीव्ही हिला ओळखसुद्धा देणार नाही. फॅट थर्टीटू करून देतो. पण त्यात चार जीबीच्या वर एक फाइल मावत नाही. तुमची फिल्म अकराची. तीन तुकडे करावे लागतील."

"आणि डिस्कवरचं जुनं?"

"सगळं पुसलं जाणार. आधी माझ्याकडे उतरवून घेतो, मग तुकडे परत भरतो. पण नंतर इथंही ठेवणार नाही हं, मयताची फिल्म मी दुकानात ठेवत नाही. फिल्मवाल्याकडे दुसरी प्रत असेल ना?"

"कसली असतेय! पुढच्याच शनिवारी दुसऱ्या मयतावर त्यानं तेच कार्ड वापरलं."

एक्सफॅटच ठेवावं, टीव्ही चालत नाही म्हणावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आईनं शेजारच्यांचा नवा टीव्ही उचलून आणला असता. ती बाई तसली गप्प बसणारी नव्हे. पडद्यावर मधला तुकडा सरकत होता. उघडी पेटी, आडोम, अंगावर त्याच्या सासरच्यांनी घातलेलं पांढरं कापड. अफ्राकोमानं पडद्यावर बोट ठेवलं.

"हा तुकडा नको भरूस."

"अहो, जागा ढीगभर आहे!"

"नको म्हटलं ना!"

एन्टिमनं खांदे उडवले. त्याला काय, त्यानं सांगितलं तेवढं केलं आणि आपल्याकडचं सगळं पुसून टाकलं.

गावी दुफिएबाई टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसल्या. पहिल्या तुकड्यात ढोल आणि काळ्या-लाल कपड्यांतली माणसं होती. दुसरा लावला तर थेट मातीच दिसली.

"मधलं कुठंय गं?"

"बसलं नाही डिस्कमध्ये, आई."

दुफिएबाईंनी लेकीकडे वळून पाहिलं.

"कापडापायी काढलंस होय? वेडी कुठली! गाडीत राहिलं ते तुझ्या मामानं मला त्याच दिवशी सांगितलं. भाऊ मेला होता तुझा, विसरणारच माणूस. रागावले का मी कधी?"

अफ्राकोमाला रडू फुटलं. आईनं तिचा हात थोपटला.

"कापड कोण बघतंय? मला त्याचं तोंड बघायचंय. सगळ्या गावानं बघितलं, मीच तेवढी राहिले. उद्या पहिल्या गाडीनं जा आणि घेऊन ये," दुफिएबाई म्हणाल्या. "तोवर हा टीव्ही असाच राहू दे."