खांबाला हवी होती याक

आमच्या सुखोडोल गावात खांब आधी उभा राहिला आणि त्यावर बसवायचं विमान मागाहून शोधायला निघाले. संस्कृती भवनासमोर चौकात जिल्हाप्रमुख रोडिओन मार्कोविचनी काँक्रीटचा उंच तिरका खांब ओतून घेतला. वर लोखंडी बैठक, खाली पितळी पाटी: ‘आकाशवीरांना, कृतज्ञ गावाकडून’. पाटीसुद्धा तयार! मग साहेबांच्या ध्यानात आलं की गावात विमान एकच आहे, आणि ते आमच्या उड्डाण क्लबच्या गवतावर अजून उडतंय.

ते विमान म्हणजे आमची याक. दोन माणसांची, पुढंमागं बसायचं, नाकात नऊ नळकांड्यांचं गोल इंजिन. मी प्रोखोर येगोरिच, तिचा मेकॅनिक. ते इंजिन मी इतक्या वेळा खोललंय की माझी बायको क्लावा म्हणते, माझ्याशी बोलतोस त्याच्या दुप्पट त्याच्याशी बोलतोस. खोटं नाही ते. इंजिन उलटून बोलत नाही.

साहेब आले ते गोड हसतच आले. म्हणाले, “येगोरिच, म्हातारी झाली हो ती. खांबावर शोभून दिसेल. तुमचीही कटकट मिटेल.”

“साहेब, तुमच्या सासूबाईही म्हाताऱ्या झाल्यात,” मी म्हणालो. “त्यांना आधी बसवून बघा. शोभल्या तर याकचा विचार करू.”

ते हसले, पण मागं हटले नाहीत. शेवटी आमची वैमानिक ताया पुढं झाली. पोरीच्या तोंडाला लागायची साहेबांचीही छाती नाही. तिनं त्यांना सगळ्यांसमोर शब्दात पकडलं: शनिवारी गावचा सण आहे, दुपारी बारा वाजता याक चौकावरून उडून गेली तर ती क्लबची, पुन्हा नाव काढायचं नाही. नाही उडाली तर सोमवारी क्रेन आणा.

“बारा म्हणजे बारा हं,” साहेब म्हणाले.

“तुमचं भाषण तेवढं बारापर्यंत आटपा,” ताया म्हणाली.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा साव्विच मागं उभा होता. इनोकेंती साव्विच. ही याक नवीकोरी होती तेव्हा कारखान्यातून ती उडवत आणणारा माणूस हाच. आता डॉक्टरांनी त्याचं उडणं बंद केलंय, हात थरथरतात, म्हणून क्लबची राखण करतो. सकाळी फाटक उघडायचं, धावपट्टीवरच्या गायी हाकलायच्या, याकचं आवरण काढायचं. संध्याकाळी पुढच्या सीटवर घटकाभर बसायचं, वाऱ्यानं हलू नये म्हणून उड्डाणाची दांडी सीटच्या पट्ट्यानं बांधायची, आवरण घालायचं, कुलूप लावायचं. त्या दिवशी त्यानं टोपी काढली, परत घातली आणि गायी हाकलायला गेला. गायी नव्हत्याच त्या वेळी.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी याकची हवा गेली.

आता या बाईचं सगळं काम दाबाच्या हवेवर चालतं. इंजिन सुरू व्हायला हवा, चाकं आत घ्यायला हवा, ब्रेकलाही हवाच. पोटात हवेची टाकी, आणि समोर तिचा काटा. संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी शून्यावर! मी शिव्या घातल्या, क्लबच्या मोठ्या सिलिंडरमधून हवा भरली, इंजिन सुरू केलं. मांजरासारखं घुरघुरलं. दिवसभर काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा शून्य.

नेमकं घोडं पेंड कुठं खातंय ते कळेना. क्लावाचा भांड्यांचा साबण बादलीत फेसला, दाढीचा ब्रश घेतला आणि एकेका सांध्याला फेस लावत सुटलो. जिथून हवा जाते तिथं बुडबुडा येतो, साधी गोष्ट. शेपटीपासून नाकापर्यंत फेस फासला. बुडबुडा नाही. झडपा बदलल्या, वॉशर बदलले. ब्रेकचा खटकाही दाबून बघितला. फुस्स झालं, सोडला, गप्प. ताया पंखाखाली आडवी पडून कान लावून ऐकत होती, आणि उठली ती केसांत फेस घेऊनच.

“प्रोखोर काका, विमान धुताय की दुरुस्त करताय?”

“तू गप बस. तुझ्या वयाच्या दुप्पट वर्षं मी हवा शोधतोय.”

“मग एव्हाना एखादी तरी सापडायला हवी होती.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. त्यात गावभर बातमी पसरली, आणि सल्ले द्यायला माणसं सायकली मारत यायला लागली. एक म्हणाला पंक्चर आहे. पोस्टातली बाई म्हणाली, तुम्ही हँगरमध्ये शिट्टी वाजवता, घरात शिट्टी वाजवली की घरातलं सगळं निघून जातं, तशी हवा गेली. हसू नका, मी त्या दिवसापासून शिट्टी बंद केली. आणि खरं सांगतो, माझ्याही मनात येऊन गेलं की हिनं खांबाचं ऐकलं आणि हाय खाल्ली. त्याच दिवसापासून आजारी पडायचं म्हणजे काय!

साव्विच तर पार खचला होता. दिवसा फेसाची बादली धरून माझ्या मागं मागं फिरायचा. “सापडलं का रे?” एवढंच विचारायचा. संध्याकाळी मी निघायचो तेव्हा तो मागं थांबायचा, आणि मग रस्त्यानं घरी जाताना दिसायचा, एक हात कमरेवर घट्ट दाबून, पाय ओढत. कंबर धरली असणार म्हाताऱ्याची, मला वाटलं. क्लावाकडून मलम आणून दिलं त्याला. त्यानं ते घेतलं आणि लाल झाला.

शुक्रवारी शेवटची हवा भरली आणि मोठा सिलिंडर रिकामा झाला. रोज सकाळी पाजून पाजून संपला तो. शहरातून भरून आणावा तर तिथला कारखाना सोमवारपर्यंत बंद. “उद्या सकाळी काटा शून्यावर असला तर आपला खेळ खलास,” मी तायाला म्हणालो.

शनिवारी मी सकाळी लवकर आलो. फाटक बंद. असं कधी होत नाही. पण साव्विच आज न्हाव्याकडे बसणार होता, मग घरी जाऊन पदकांचा गणवेश घालून येणार होता. माझ्याकडच्या किल्लीनं उघडून आत गेलो, आवरण काढलं, काच सरकवली, काटा बघितला. शून्य.

डोळ्यांपुढं क्रेन दिसली मला. कपाळाला हात लावला, मान खाली गेली, आणि तेव्हा ती दांडी दिसली.

दांडीला नेहमीचा पट्टा होताच. पण त्याच्यावरून गॅलिस होते. पँट खांद्यावर अडकवायचे ते रबरी गॅलिस, निळे, जुने, पितळी चिमट्यांचे. दांडीभोवती वेढ्यावर वेढे घेऊन, ताणून, खाली सीटच्या लोखंडाला करकचून बांधलेले. आणि त्या दांडीवर, सायकलला असतो तसा, ब्रेकचा खटका असतो. गॅलिसनी खटकाही आवळून धरला होता. म्हणजे रात्रभर ब्रेक दाबलेला! टाकीतली हवा रात्रभर चाकांकडे जाणार, तिथलं रबर माझ्या जावयाच्या वयाचं, त्यातून ती गुपचूप निघून जाणार. सकाळी साव्विच पहिला येऊन गॅलिस सोडणार, खांद्यावर चढवणार, की खटका मोकळा. आणि मग मी शहाणा साबण घेऊन येणार!

आठवडाभर मी बुडबुडे शोधत होतो आणि बादली धरून उभा होता तो चोरच. कंबर कसली धरली होती, पँट धरली होती त्यानं.

साव्विच आला तो गुळगुळीत दाढी, छातीवर पदकं, कमरेला रुंद पट्टा. ताया त्याच्या मागोमाग. मी गॅलिस हातात धरून पंखावर उभाच होतो. आठवडाभर मनात घोकून ठेवलेल्या सगळ्या शिव्या जिभेवर तयार होत्या.

“हे कुणाचे?”

त्याचे कान लाल झाले. “माझे.”

“हे खटक्यावर बांधलेत तुम्ही! खटक्यावर, साव्विच! सगळी हवा ब्रेकमधून गेली! तिला खांबावर चढवायला साहेबांना क्रेन लागणार होती, तुम्ही नुसत्या गॅलिसवर चढवलीत!”

तायाला आधी हसू फुटलं. मग तिनं म्हाताऱ्याचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. तो उभा होता तिथंच खाली गवतावर बसला, पदकांसकट.

शिव्या तशाच राहिल्या माझ्या. हात टेकले मी. आणि तेवढ्यात कोपऱ्यात लक्ष गेलं: उड्डाण असलं की नियमानं बंबाची गाडी उभी करावी लागते, ती उभी होती, आणि आत आमचा बंबवाला फेदोत पाय वर टाकून झोपला होता. बंबात धुरात घुसताना पाठीवर घ्यायचे हवेचे सिलिंडर असतात. हवा ती हवाच!

“फेदोत, ऊठ! सिलिंडर काढ!”

“कुठं लागली?” तो धडपडत उठला.

“माझ्या डोक्याला लागलीय. काढ म्हणतो ना!”

“काका, ही माणसाच्या श्वासाची हवा आहे, विमानाची नाही.”

“तू आत्ता सिलिंडरशिवाय श्वास घेतोयस ना? मग!”

हवा सापडली, पण त्याचं तोंड वेगळं आणि आमचं वेगळं. मध्ये जोडायला नळी हवी, दाब सोसणारी, बारीक, तांब्याची. तशी नळी अख्ख्या सुखोडोलात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हणजे माझ्या घरामागची खोपी, जिथं बटाट्याची दारू गाळली जाते. मी धावपट्टी ओलांडून पळालो, वेटोळं भट्टीवरून उपटलं. क्लावा दारात आडवी आली.

“सणाच्या दिवशी भट्टी मोडतोयस? पाहुण्यांना काय पाजू, चहा?”

“पाज!” मी ओरडलो. आमच्या लग्नानंतर मी तिच्यावर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. ती इतकी चकित झाली की तिनं वाट सोडली.

नळी जोडली, दोन्ही टोकांना चिंध्या आणि तार गुंडाळली. फेदोतच्या सिलिंडरात आमच्या टाकीच्या सहापट दाब. झडप एकदम उघडली असती तर टाकीही गेली असती आणि आम्हीही. “थोडी थोडी सोड,” मी म्हणालो. फेदोतनं जीभ दातात धरून झडप केसभर फिरवली. विमानाला दारूचा वास सुटला. काटा हलला. चढला. पुरेसा चढला आणि तिथंच थांबला.

चौकातून भोंग्यावर साहेबांचं भाषण ऐकू येत होतं. मी आणि फेदोतनं पंखा हातानं फिरवला, एकेक पातं. खालच्या नळकांड्यांत तेल साचलेलं असतं, ते न काढता इंजिन चालवणारा माणूस इंजिनाला मुकतो. घाई कितीही असो, ते चुकवायचं नाही. ताया पट्टे आवळून बसली. काच उघडी ठेवून तिनं साव्विचकडे बघितलं.

“आजोबा, आरोळी तुम्ही द्या.”

म्हातारा गवतातून उठला, पदकं झटकली आणि छाती भरून ओरडला, “पंख्यापासून दूर!”

हवा सुसाटली, पंखा दोनदा अडखळला, निळ्या धुराचा लोट आला, आणि याक धडधडायला लागली. जीव भांड्यात पडला माझा. ताया गवतावरून उसळत गेली, उठली, चाकं आत घेतली आणि चौकाकडं वळली.

मी आणि साव्विच हँगरपुढच्या बाकावर बसलो. गॅलिस मधे ठेवलेले.

“क्रेन काय दांडी हलवून विमान नेते का हो, साव्विच?” मी विचारलं. “गॅलिसनी ती थांबणार होती?”

“मला कळत नाही होय?” तो म्हणाला. “येडा आहे का मी?” मग त्यानं गॅलिस उचलून मांडीवर घेतले. “घरी गेलो की वाटायचं, मी झोपल्यावर नेतील. झोपच लागायची नाही. गॅलिसनी बांधलं त्या दिवशी लागली थोडी. मग रोज बांधले. रोज जरा जास्त घट्ट.”

मी बाहीनं नाक पुसलं. मी म्हणालो, दारूचा वास चढलाय.

ताया इतक्या खालून गेली म्हणे की साहेबांची टोपी उडून कारंज्यात पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळं साहेबांनाही वाजवाव्या लागल्या. थोड्या वेळानं क्लबच्या कचेरीत त्यांचा फोन आला. “शब्द तो शब्द, येगोरिच. याक तुमची. पण आता मी खांबावर काय ठेवू?”

“टोपी वाळली की ठेवा,” मी म्हणालो.

संध्याकाळी क्लावानं खरोखर चहा पाजला सगळ्यांना, वर काकड्या आणि माझा उद्धार. पांगापांग झाल्यावर साव्विच याकजवळ आला आणि गॅलिस माझ्या हातात दिले.

“तू बांध. जिथं बांधायचं तिथं.”

मी दांडी पट्ट्यानं बांधली. त्यावरून गॅलिसचे दोन वेढे दिले, खटका मोकळा सोडून. गरज काही नव्हती त्यांची. त्यानं वाकून गाठ ओढून बघितली.

“सैल आहे.”

“पुरे एवढी. जा आता घरी.”

तो गेला. आज कमरेला पट्टा होता, म्हणून दोन्ही हात हलवत गेला.

रविवारी सकाळी मी आलो तर फाटकाला कुलूप. धावपट्टीवर गायी चरत होत्या. माझी किल्ली काल क्लावाच्या चहाच्या गडबडीत कुठंतरी हरवली होती, म्हणून कुंपणावरून चढून आत गेलो, पँट फाडून घेतली, काच सरकवली. काटा काल ठेवला तिथंच होता. मग मी गायी हाकलल्या आणि बाकावर वाट बघत बसलो. ऊन चांगलं वर आल्यावर साव्विच आला, केस विस्कटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या उमटलेल्या.

“उठवायचं नाही का रे?” तो माझ्यावरच खेकसला, आणि फाटक उघडायला लागला.