हैबती गाडीवान

पुतळ्याचं चित्र मारुतीच्या सभामंडपात भिंतीला लावलं गेलं, तेव्हा सगळ्यात मागे बसलेला गोरक्षही मान उंचावून बघत होता. दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, वर फेटेवाला स्वार, हातात तलवार. तिसगावच्या अलीकडचं बैलसोड गाव वसलं त्याला दीडशे वर्षं होत आली होती आणि ते वसवणाऱ्या हैबतरावांचा पुतळा वेशीत उभारायचं ठरलं होतं. हैबतराव म्हणजे गोरक्षचे खापरपणजोबा. त्यांच्या पराक्रमावर खूश होऊन इंग्रज साहेबाने ही जमीन इनाम दिली, असं घरात सांगत आले होते.

चित्र आणलं होतं आबासाहेबांनी. ते गोरक्षचे थोरले चुलतभाऊ, माजी सरपंच. पुतळ्याखाली चार ओळी कोरायच्या, तर हैबतराव मूळचे कोण, कुठल्या लढाईत होते, हे शोधून आणायचं काम त्यांनी गोरक्षवर सोपवलं. गोरक्ष एसटीचा ड्रायव्हर, निवृत्त झालेला. जिल्ह्यातला एकही रस्ता त्याला नवा नव्हता. भावकीत वकील होते, कारखान्याचे संचालक होते, ड्रायव्हर तेवढा हाच. लग्नाकार्यात आबासाहेब 'हा गोरक्ष, एसटीत असतो' एवढं म्हणून पुढच्या पाहुण्याकडे वळत. त्यामुळे हे काम आपल्याला मिळालं याचंच त्याला अप्रूप वाटलं.

भावकीचं मूळ मिरजगावकडचं. तिथे त्याच आडनावाचे मच्छिंद्र नावाचे म्हातारे शेतकरी भेटले. चहा झाला, कांद्याच्या भावाची चर्चा झाली. मग गोरक्षने हैबतरावांचं नाव काढलं.

"राव कशाचा? हैबती. गाडीवान हुता," ते म्हणाले. "धान्याच्या चोरीत सापडला, तुरुंगात गेला. आमच्यात त्याचं नाव घेत न्हाईत."

गोरक्ष घरी आला. काही सापडलं नाही असंच आबासाहेबांना सांगून टाकतो, असं तो बायकोला म्हणाला. छबूबाईने भाकरी तव्यावर टाकली.

"कशापायी चोरी केली, ते इचारलं का?"

विचारलं नव्हतं.

हे कुणाला माहीत असेल, याचा दोन दिवस तो विचार करत राहिला. मग त्याला एक म्हातारी आठवली. त्याच्या गाडीला ती नेवाशाहून बसायची, पाथर्डीला लेकीकडे जायला. बैलसोडच्या पुलावर गाडी आली की दर खेपेला हात जोडायची. ती मारुतीला नमस्कार करते असं त्याला वाटायचं. पण मारुतीचं देऊळ पुलाच्या दुसऱ्या अंगाला होतं. म्हातारी हात जोडायची ते खालच्या ओढ्याला.

नेवाशात विचारत विचारत तो तिच्या घरी पोचला. बनुबाई आता पंच्याऐंशीच्या झाल्या होत्या, पण ड्रायव्हरला त्यांनी लगेच ओळखलं. ओढ्याचं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं.

मोठ्या दुष्काळाचं साल. बनुबाईंची आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची पोर. गावंच्या गावं पोटासाठी बाहेर पडली होती. चालवेना तेव्हा त्यातली काही माणसं, आजीसुद्धा, त्या कोरड्या ओढ्यात पडून राहिली. वरच्या वाटेने एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या गाड्या दौंडच्या स्टेशनाकडे निघाल्या होत्या. तिथून ते धान्य रेल्वेने परमुलखात जायचं होतं. पहिली गाडी हैबतीची. त्याने ओढ्यात पाहिलं आणि गाडी थांबवली. व्यापाऱ्याच्या माणसाने आसूड उगारला, तरी त्याने जू खाली ठेवलं, बैल सोडले आणि ओढ्यातल्या माणसांसाठी पोती फोडली. मागच्या गाडीवानांनी तोंड फिरवलं, पण त्याला अडवलं नाही. शिपाई येईपर्यंत तो तिथेच बसून होता. पळाला नाही.

"त्याचे बैल त्या लोकान्नी राखले," बनुबाई म्हणाल्या. "सवता उपाशी, पन बैलांना पाला आनून घालायचे. एक मेला, एक जगला. तुरुंगातून हैबती आला तवा मानसं तिथंच हुती. म्हनली, तुजा बैल द्यायचा ऱ्हायलाय."

त्या एका बैलावर त्यांनी मिळून विहीर खोदली. मग पडीक जमीन मोडली. गाव झालं.

गोरक्षने हे सगळं आधी आबासाहेबांना एकट्याला सांगितलं. मग त्यांनी हे कुणाजवळ काढू नको म्हणून बजावलं. नातींची लग्नं व्हायची आहेत, तुरुंगात गेलेल्याचं कूळ असं लोक म्हणतील. आयुष्यात गोरक्षने त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. पण पुढच्या बैठकीत तो मागच्या रांगेतून उठून पुढे आला आणि बनुबाईंनी सांगितलेलं सगळं त्याने गावाला सांगितलं.

आबासाहेब मध्येच म्हणाले, "म्हणजे चोराचा पुतळा करायचा का वेशीत?"

"चोर म्हना, आबा," गोरक्ष म्हणाला. "सायबानं त्याला जमीन न्हाई दिली, तुरुंग दिला. गाव ह्या मानसांनी दिलं. आपन इथं बसलोय, त्यातल्या निम्म्यांचं कूळ त्या ओढ्यातून उठलेलं हाय. मला तर ह्यो घोड्यावरच्यापेक्षा लई मोठा वाटतो."

मग मागच्या बाजूला एक म्हातारा उठला आणि भिंतीवरचं चित्र काढून त्याने गुंडाळून ठेवलं.

पुतळा झाला तो साधा. उघडी छाती, मुंडासं, एक हात बैलाच्या वशिंडावर. हैबतीचा चेहरा कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून मूर्तिकाराने मान खाली, ओढ्याकडे वळवली होती. खाली दोनच शब्द कोरले: हैबती गाडीवान.

अनावरणाला गोरक्षने बनुबाईंना नेवाशाहून स्वतः जीप चालवून आणलं. पाहुण्यांच्या रांगेत, आबासाहेबांच्या शेजारी त्यांची खुर्ची ठेवली होती. पडदा सरकला. बनुबाईंनी पुतळ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला आणि त्या उभ्याच राहिल्या. संयोजकांनी दोनदा बसायला सांगितलं.

"त्याच्यासमूर बसत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

आबासाहेबांनी ते ऐकलं. मग काठी टेकवून तेही खुर्चीवरून उठले.