बयाबाईंचं पथ्य

“घरी यांच्या खाण्यापिण्याचं कोण बघतं?” डॉक्टरांनी फाइलमधून मान वर करत विचारलं.

सुवर्णाच्या आधी लताताईच बोलल्या. आईला दवाखान्यात ठेवल्याचं कळताच त्या सकाळच्या गाडीनं मनमाडहून आल्या होत्या. “आमची वहिनी बघते, डॉक्टर. पोटची पोर करणार नाही एवढं करते. आईच हट्टी. ऐकत नसणार.”

“मीठ बंद होतं का?”

“कमी केलं होतं,” सुवर्णा म्हणाली. “थोडंसं.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बयाबाईंच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. म्हणूनच त्या दोन दिवस असंबद्ध बोलत होत्या आणि काल बाथरूममध्ये तोल जाऊन पडल्या होत्या. “पण एवढं खाली का गेलं, ते शोधावं लागेल. मेंदूचा स्कॅन करू,” असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

का गेलं, ते सुवर्णाला ठाऊक होतं.

सिडकोतल्या घरी ती ब्लाउज शिवायची. मशीनजवळ टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर दिवसभर कुणी ना कुणी आरोग्याचं सांगत असे. गेल्या वर्षी सासरे अर्धांगाच्या झटक्यानं गेले आणि पाठोपाठ सासूबाईंनाही बीपी निघालं. तेव्हा आईंचं असं होऊ द्यायचं नाही, हे सुवर्णानं मनाशी पक्कं केलं. मीठ म्हणजे विष, म्हणून त्यांचा स्वयंपाक वेगळा, बिनमिठाचा. भात बंद, तेल बंद. जितकं पाणी प्यावं तितकं चांगलं, म्हणून दिवसाला पाच लिटर. घामाबरोबर चरबी वितळते, म्हणून स्वेटर घालून तासभर चालणं. बयाबाईंचा जन्म दिंडोरीकडच्या मळ्यात खुरपणी करण्यात गेला होता. हे बिनकामाचं चालणं त्यांना कळत नसे. पण सून जीव लावून करते म्हणून त्या चालत. त्यांचं वजन उतरलं तेव्हा सुवर्णानं ते गल्लीभर सांगितलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या उशीखाली कागदाची पुडी सापडली. शेजारच्या गोजराबाईंकडून मागून आणलेलं मीठ. मापं द्यायला आलेल्या दोन बायका समोर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सुवर्णा कडाडली, “चोरून खाता? मग मी कुणासाठी मरमर करते?”

बयाबाई खाली बघत राहिल्या. “तोंडाला चवच नाय गं राहिली. डोकं बी लय गरगरतं.”

“शरीरातली घाण बाहेर पडतेय ती. चार दिवस त्रास होणारच.”

मोबाइलवरचा माणूस असंच म्हणाला होता. पुडीतलं मीठ सुवर्णानं मोरीत ओतलं आणि वर तांब्याभर पाणी सोडलं.

आता वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. बयाबाई डोळे मिटून कुणाला तरी मळ्यातून हाका मारत होत्या. लताताईंनी सुवर्णाच्या पाठीवर हात ठेवला. “वहिनी, दोन दिवस पाठ टेकली नाहीस. जा, पड जरा.”

तो हात तिला सोसवेना. ती उठली आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, मीठ, पाणी, स्वेटर, पुडीसुद्धा.

“किती दिवस चाललं होतं हे?”

“पाच महिने.”

“आणि बीपीची गोळी?”

“रोज. एक दिवस चुकवली नाही मी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “त्या गोळीनंही लघवीवाटे मीठ जातं. त्यात एवढं पाणी. आम्ही मीठ कमी करायला सांगतो, बंद करायला नाही.”

“मला माहिती नव्हतं हो.”

“सकाळी मी विचारलं, तेव्हा तर माहिती होतं ना?”



बाहेर येऊन तिनं नवऱ्याला, रविराजला, आणि नणंदेला तेच सांगितलं. लताताई उठून खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. रविराज म्हणाला, “मीपण घरातच होतो की. माझ्या ताटात सगळं होतं. तिच्या ताटात काय आहे, कधी बघितलं नाही.”

आठव्या दिवशी बयाबाई घरी आल्या. बोलणं ताळ्यावर आलं होतं, हात मात्र थरथरत होता. सुवर्णानं त्यांचे पाय धरले. “आई, माझं चुकलं.”

“येडी का काय तू? माझ्यासाठीच करत व्हती ना?” त्या म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर सुवर्णाला हलकं वाटलं असतं.

पण त्या दिवसापासून बयाबाई प्रत्येक गोष्ट विचारू लागल्या. “सुवर्णा, पाणी पिऊ का गं?” “हे केळं खाऊ का?” आयुष्यभर दहा माणसांचं घर एकहाती चालवलेली बाई!

“आई, विचारू नका हो. खात जा मनासारखं,” सुवर्णा म्हणे. त्या मान डोलवत आणि पुन्हा विचारत.

एका संध्याकाळी त्यांना भाकरी आणि मेथीची भाजी वाढून सुवर्णा ब्लाउज द्यायला दारापर्यंत गेली. परत आली तर बयाबाई ताटासमोर तशाच बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर. भाजी निवून गेली होती.

सुवर्णानं आपलंही ताट वाढून घेतलं, त्यांच्या समोर मांडी घालून बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

तेव्हा कुठे बयाबाईंचा हात ताटाकडे गेला.