नैवेद्यापर्यंतचं मौन

"मौन म्हणजे नुसते ओठ मिटणं नव्हे, प्रमोदिनी. खूण करायची नाही, मान हलवायची नाही, पाटीवर लिहून दाखवायचं नाही. लाकडासारखं राहायचं. त्याला काष्ठमौन म्हणतात. जमत असेल तर घे, नाहीतर पोळ्या लाट."

सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चातुर्मासात सकाळी देवाजवळ बसलं की प्रमोदिनीबाईंच्या कानात हा आवाज यायचाच. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, आंघोळीपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत त्या एक अक्षर बोलत नसत. दूधवाल्याला ते ठाऊक होतं, मागच्या खोल्यांतल्या किरायदारांना ठाऊक होतं. भरवेली रोडवरच्या त्या नव्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं? म्हणून तर बँकेतली भेट शेजारच्या गुणाकरनं मुद्दाम दुपारची मागून घेतली होती.

भेट होती व्याजासाठी. वस्तीतल्या घरमालकांनी आपापली घरं गहाण टाकून गावातल्या सहकारी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि मागच्या अंगाला किरायाच्या खोल्या बांधल्या होत्या. भरवेलीच्या खाणीतल्या बाबूंना बालाघाटात जागा मिळत नव्हती, खोल्या भरायला वेळ लागला नाही. पण सन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात बँकेनं व्याज वाढवलं आणि आलेला सगळा किराया हप्त्यात जाऊन वर घरातलंच घालायची वेळ आली. तेव्हा सगळ्यांनी एक होऊन ठरवलं, वाढीव व्याज कोणीच द्यायचं नाही, सहकार खात्याकडं अर्ज करायचा आणि बँकेला जाब विचारायचा.

अडचण एकच होती. कागद बँकेच्या बाजूनं होता. करार इंग्रजीत छापलेला, त्यात बँकेला व्याज बदलता येईल असं चक्क लिहिलेलं, आणि खाली सगळ्यांच्या न वाचता केलेल्या सह्या. न वाचता का केल्या, तर नीळकंठरावांनी सांगितलं म्हणून. नीळकंठराव म्हणजे प्रमोदिनीबाईंचे यजमान, सार्वजनिक बांधकामात ओव्हरसियर. त्या वेळचे मॅनेजर त्यांच्या बैठकीत बसून पोहे खाऊन गेले होते आणि उठता उठता म्हणाले होते, "आखिरी किश्त तक ब्याज यही रहेगा, ओव्हरसियर साहब. मेरी ज़बान है." नीळकंठरावांनी तो शब्द घरोघर पोचवला. आता ते मॅनेजर वारले होते आणि नीळकंठरावही नव्हते. तो शब्द आपल्या कानांनी ऐकलेलं एकच माणूस मागे राहिलं होतं. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली ही बाई.

"वहिनी, तुम्ही फक्त तेवढं सांगा तिथं. बाकी मी पाहून घेतो," गुणाकर म्हणाला होता.

"सांगेन की. त्यात काय!"

आणि नेमक्या त्या दिवशी तो सकाळीच दारात येऊन उभा राहिला. "चला, चला. मॅनेजर दुपारी जबलपूरला चालला. आत्ताच भेटतो म्हणते."

प्रमोदिनीबाईंच्या हातात फुलांची परडी होती. त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

"अहो माहीत आहे मले! तिथं नुसत्या बसा. बारा वाजेपर्यंत मी भांडत राहतो, मग तुम्ही बोला. चला."

त्या गेल्या. गुणाकर भांडायला पटाईत होता, बारापर्यंत सहज ताणील असं त्यांना वाटलं.

नवे मॅनेजर दुलीचंद मात्र भांडणारे नव्हते. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, पंखा वाढवायला सांगितला, गुणाकरचा सगळा तमाशा पान चघळत ऐकून घेतला आणि मग म्हणाले, "इतना चिल्लाने की क्या ज़रूरत है? गवाह तो साथ में लाए हैं आप. माताजी, बताइए. हुई थी ऐसी कोई बात आपके घर?"

खोलीतलं प्रत्येक तोंड प्रमोदिनीबाईंकडे वळलं. त्यांनी टेबलावरच्या काचेच्या गोळ्यावर नजर रोखली.

"वहिनी, मान तरी हलवा!" गुणाकर ओरडला.

मान हलली नाही.

खाणीतून निवृत्त झालेला चैतराम शेजारीच बसला होता. त्यानं खिशातला पेन काढून हळूच पुढं सरकवला. "लिहून द्या बाई. दोन अक्षरं." प्रमोदिनीबाईंचा हात मांडीवरून वीतभर वर आला आणि परत खाली गेला.

दुलीचंद हसले नाहीत. हळहळल्यासारखे म्हणाले, "देख लीजिए. सच्ची बात होती, तो कौन औरत अपने गुज़रे हुए आदमी के लिए मुँह नहीं खोलती?"

झालं. बँकेच्या पायऱ्यांवरच गुणाकरनं तोंड सोडलं. "नीळकंठभाऊ खोटं बोलले असतील तर तसं सांगा ना! आम्हाला काहून गळफास लावला?" चैतरामची बायको तुळसाबाई मागून म्हणाली, "यायच्या देवालेच म्हणा, भर आता हप्ते."

दुपारी नैवेद्य दाखवून, घास न घेता प्रमोदिनीबाई गुणाकरच्या दारी गेल्या. "भावजी, मी आता चलते बँकेत. सगळं सांगते."

"आता बोलून काय लोणचं घालायचं आहे? मॅनेजर गेला जबलपूरले," आतून आवाज आला. दार उघडलं नाही.

त्या दिवसापासून वस्तीनं त्यांना वाळीतच टाकलं म्हणा ना. बँकेनं बाईचं व्याज मागल्या दारानं कमी केलं, म्हणून बाई मुकी झाली, अशी आवई उठली. नळावर त्या आल्या की बायकांच्या गप्पा तुटायच्या. वस्तीच्या गणपतीपुढे आरतीचं तबक फिरायचं आणि त्यांच्यापाशी येताच नेमकं वळण घ्यायचं. हात पुढे केलेले तसेच राहायचे. एकदा गुणाकरची बायको सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवाजवळ मौन आणि बँकेजवळही मौन. मज्जा आहे बाई एकेकीची!"

प्रमोदिनीबाईंचा आवाज मुळातच हलका, भांडण त्यांना कधी जमलंच नव्हतं. पण मनात? सकाळी डोळे मिटून बसल्या की नामाऐवजी गुणाकरच उभा राहायचा. मला सकाळी कोणी ओढून नेलं? बारापर्यंत भांडतो कोण म्हणालं होतं? बुडा सगळे, जाऊ देत खोल्या, मग कळेल. असं एकेक मनात रचत त्या नैवेद्यापर्यंत बसायच्या. ओठ मिटलेले, आणि आत सगळ्या वस्तीचा उद्धार चाललेला. हे कसलं व्रत, असं त्यांच्या मनात येई आणि त्या ते झटकून टाकीत.

पितृपक्षातल्या एका दुपारी तुळसाबाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"आत या ना," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"आता कायले? इतकी वर्सं आमाले वसरीच होती. इथंच बरी हाय मी." तिनं पदर खोचला. "एक गोष्ट विचाराले आली. ओव्हरसियर सायेब खोटे होते का खरे?"

"खरे होते."

"तुमी ऐकलं होतं?"

"या कानांनी."

"मंग त्या दिवशी दगडावानी काहून बसल्या? अवो, आमच्या म्हाताऱ्यानं खाणीतला सारा पैसा त्या दोन खोल्यात घातला. सही केली कोनाच्या भरोशावर? बँकेच्या? बँकेले कोन ओळखते! तुमच्या मालकाच्या भरोशावर केली."

प्रमोदिनीबाईंजवळ उत्तर होतं, पण ते तुळसाबाईसमोर उच्चारायची त्यांना लाज वाटली.

"बाकीचे कुठे आहेत सगळे?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे!" तुळसाबाई थुंकल्यासारखी हसली. "तुमाले ठाव नाई? तुमच्या गुणाकरनं सगळ्यायच्या आधी वाढीव व्याज कबूल केलं. चुपचाप जाऊन सही देऊन आला. मंग एकेक करून सारेच गेले. तुमाले शिव्या द्याले तेवढे एक हायेत. आमीच रायलो दोघं. सहकार खात्याच्या सायबाकडं सगळ्यायनं मिळून अर्ज केलता ना, त्याची पेशी सोमवारी हाय कचेरीत. वकील म्हनते, साक्ष झाली तरच काई होईन."

"किती वाजता?"

"सकाळी. साडेदहाले." तुळसाबाई सावकाश म्हणाली, "अन् सकाळचीच काहून हाय, तेही सांगतो. बँकेतला चपराशी डोमाजी आमच्या नात्यातला हाय. त्याच्यासमोर मॅनेजर फोनवर सांगून राह्यला होता, पेशी सुबह ही रखवाइए, बारह के पहले माताजी का मुँह नहीं खुलता. असा हासला म्हने! तुमच्या नेमाचं कुलूप करून टाकलं त्यानं, अन् आमच्या दाराले लावलं."

प्रमोदिनीबाई एक पायरी खाली उतरल्या. आजवर राग गुणाकरवर होता, वस्तीवर होता. आता पहिल्यांदा तो पान चघळणारा चेहरा नीट दिसला, आणि त्याच्या हातातलं ते कुलूप दिसलं. ते त्यांचंच मौन होतं, देवघरातून उचललेलं.

"मी येईन सोमवारी," त्या म्हणाल्या.

"याल तं याल. त्या दिवशीही आल्याच होत्या. बोलाल?"

"बोलेन."

"देवाची आन घेऊन सांगा."

"आन नाही घेत मी. बोलेन म्हटलं ना."

तुळसाबाईनं खोचलेला पदर सोडला. विश्वास बसला की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "पाहू," एवढंच म्हणून ती गेली.

मौनव्रत पुरं झालं की घंटा दान करायची, ही रीत. प्रमोदिनीबाईंनी रविवारी संध्याकाळी बाजारातून पितळेची घंटा आणली आणि राममंदिरात नेऊन पुजाऱ्यांपुढे ठेवली.

"हे काय? कार्तिकी तर लांब आहे," पुजारी म्हणाले.

"मला आजच सोडायचंय."

"मधेच सोडलेल्या व्रताचं उद्यापन नसतं, बाई. त्याला व्रतभंग म्हणतात. ही घंटा मी टांगणार नाही. ठेवायची तर ठेवा त्या कोपऱ्यात."

"ठेवते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आणि भंगाला जे काही प्रायश्चित्त असेल ते सांगून ठेवा. सोमवारनंतर येते."

पुजाऱ्यांनी त्यांना तीर्थ दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

सोमवारी पूजा आटोपली. सासूबाईंच्या तसबिरीला नेहमीसारखं फूल वाहिलं, पण तिच्याकडे वर पाहायचं मात्र टाळलं. धुवट नऊवारी नेसून, छत्री घेऊन त्यांनी दाराला कडी घातली.

गुणाकर ओट्यावर दात घासत बसला होता. त्यांना कचेरीच्या दिशेनं वळताना पाहून तो उठून उभा राहिला. कुठे निघाल्या, हे त्याला विचारायची गरज नव्हती. बाई आज बोलली आणि निकाल बँकेविरुद्ध गेला, तर सगळ्यांच्या आधी जाऊन केलेली आपली सही वस्तीच्या डोळ्यांवर येणार, हे त्याला कळत होतं.

"वहिनी," त्यानं हाक मारली. "जुनं उकरून कोणाचं भलं नाही होणार. तिथं तुमच्या नवऱ्याचं नावच मातीत जाईल. ऐकता का?"

त्या थांबल्या नाहीत.

"आजही तोंड घरीच ठेवलं वाटते!" तो मागून ओरडला.

त्याला द्यायला त्यांच्याजवळ शब्द होते, महिनाभर रचलेले, धार लावलेले. ते त्यांनी तसेच राहू दिले. सडकेवर भरवेलीकडं जाणाऱ्या सायकलींची रांग लागली होती, त्या कडेला उभ्या राहिल्या. शेवटची सायकल पुढे गेल्यावर छत्री दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी सडक ओलांडली आणि कचेरीची वाट धरली.