श्रेयाने विचारलेला वाक्प्रचार

दर शनिवारी आमच्या अवसरीच्या शाळेत तिसरीच्या पोरांना वाक्प्रचार शिकवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलंय. मी दहावीत आहे. दिवाळीपर्यंत चार माणसांत माझं तोंड उघडत नव्हतं. आता एकदा सुरू झाले की थांबत नाही. आधी नाटक करायचं, मग अर्थ विचारायचा, ही माझी पद्धत. परवाच्या शनिवारी शौर्यने नाक मुरडून दाखवलं तेव्हा पोरं हसून हसून आडवी झाली.

"आता घरी ऐकलेला एखादा सांगा," मी म्हणाले.

श्रेया उभी राहिली. "ताई, पांढऱ्या पायाची म्हंजे काय?"

हा पुस्तकात नव्हता, म्हणून मला लई आनंद झाला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि सांगून टाकलं, "एखादी बाई घरात आली आणि पाठोपाठ काही वाईट झालं, की लोक तिला असं म्हणतात."

"मग पप्पा आईमुळं गेले का?"

मी फळ्यावरचं घाईघाईनं पुसलं. श्रेयाचे पप्पा दोन वर्षांपूर्वी मंचरजवळ अपघातात गेले, हे मला माहीत होतं. बोलण्याच्या नादात आठवलंच नाही.

"नाही गं. लोक उगाच बोलतात."

"उगाच बोलत्यात तर आईला सावडीतनं का काढलं?"

कांदा लागवडीला आमच्याकडे बायकांची सावड असते. आज सगळ्या मिळून एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. आमच्या आळीची सावड माझी आई ठरवते.

घरी आले तर आई आणि शेजारची सखूबाई ओट्यावर रोपाच्या जुड्या बांधत होत्या. मी दप्तरसुद्धा न काढता श्रेयाच्या आईबद्दल विचारलं.

"आई, प्रतिभाकाकीला सावडीत का नाय घेतलं?"

"गेल्या साली तिनं पहिलं रोप लावलं आन् कांद्याला पीळ पडला, समदी पात वेडीवाकडी झाली," सखूबाई म्हणाली.

"पीळ अख्ख्या गावात पडला व्हता, आजी. काकी गावभर फिरत व्हती का?"

"बघ गं, तुझी मास्तरीण लई बोलाया लागली."

आई जुडीवरची नजर न काढता म्हणाली, "तिला घेतलं तर बाकीच्या येणार नायत. मग तिची लागवड तू करणार का?"

"करते."

रविवारी सकाळी मी काकीच्या रानात गेले. काकीनं विचारलं, "आईला म्हाईत हाय का?" मी 'हो' म्हणून मान हलवली. तिनं रोपाची जुडी माझ्या हातात दिली आणि पुढच्या वाफ्यात वाकली. दुपारपर्यंत चार वाफे झाले. अजून दहा राहिले होते, आणि रोप सुकायला लागलं होतं. बांधापलीकडून सावडीच्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. इकडं कुणी बघत नव्हतं.

श्रेया पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझं पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

"ताई, आमच्यात आलीस म्हणून तुला काय व्हनार न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. ती संध्याकाळपर्यंत माझ्या मागं मागंच राहिली.