कोरी बाजू

"नवीकोरी वस्तू आणायची आणि ती उकिरड्यावरून उचलल्यासारखी करून ठेवायची. आणि वर म्हणे, हात लावू नकोस!"

हे चहाच्या पातेल्याला ऐकवून फौजदारिणीनं गॅस बंद केला, चहा गाळला आणि कप घेऊन नवऱ्याच्या खोलीचं दार कोपरानं ढकललं. फौजदारीण हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. फक्त तिच्या तोंडावर ते घ्यायची छाती आजवर कुणी केली नव्हती.

नवरा आंघोळीला गेला होता. खोलीत रंगाचा आणि स्पिरिटचा वास होता. खिडकीखालच्या टेबलावर जुन्या औषधांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांत औषधाऐवजी भुकटी: काजळी, गंज, राख, वाळकी माती. शेजारी कापूस गुंडाळलेल्या काड्या, झिजलेले दातांचे ब्रश आणि पेनाएवढा तो एअरब्रश, ज्याच्या हवेच्या यंत्राच्या घरघरीनं तिची दुपारची झोप दहा वर्षं खाल्ली होती. आयुष्यभर रेल्वेच्या शेडमध्ये राबलेला हा माणूस निवृत्तीनंतर हातभर लांबीची खेळण्यातली इंजिनं रंगवत बसला होता. रंगवत म्हणजे मळवत. दुकानातून आलेलं चकचकीत इंजिन तो असं करून द्यायचा की जणू लाखभर मैल कोळसा खाऊन आलंय. लांबलांबचे लोक त्याच्याकडे इंजिनं पाठवायचे.

"जगातले लोक कपडे धुवायला देतात," ती शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे मळवायला येतात."

पहिल्याच वर्षी तिनं त्याचा एक मालडबा ओल्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवला होता. त्या डब्यावर त्याचे तीन आठवडे गेले होते. मग दोन दिवस तो जेवायला बसला तो भिंतीकडे तोंड करून. तेव्हापासून या खोलीत ती फक्त चहापुरती यायची आणि तोंड वाकडं करून परत जायची.

आज टेबलावर एकच इंजिन होतं. काळं, वाफेचं. तिनं कप ठेवला आणि वाकून पाहिलं. चाकांवर चिकट धूळ, बॉयलरच्या अंगावर खारट पाण्याचे पांढरे ओघळ, खिळ्यांच्या डोक्यांभोवती गंज, धुराड्यामागं काजळीचा थर. तिला उगाच खोकला आला. मग कप आत सरकवायला म्हणून तिनं इंजिनाखालची फळी हळूच फिरवली आणि हात तिथंच थांबला.

दुसरी बाजू साफ कोरी होती. एक डाग नाही, एक ओघळ नाही.

काम अर्धं राहिलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण एअरब्रश उघडून धुवून फडक्यावर वाळत घातला होता. बाटल्यांची झाकणं बंद होती. पलीकडे खोका तयार होता, त्यात कागदाच्या पट्ट्या भरल्या होत्या आणि वरच्या चिठ्ठीवर पत्तासुद्धा लिहून झाला होता. तिला वाचायला वेळ लागायचा, अक्षराला अक्षर जोडून. पण खोका पाठवायच्या तयारीत आहे हे कळायला अक्षरं लागत नव्हती. त्याच्या लेखी हे काम संपलं होतं.

कोरी बाजू डावी होती.

तिनं फळी होती तशी फिरवली आणि खुर्चीचा दांडा धरून उभी राहिली.

तीन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला होता. मेंदूत गुठळी. हात वाचला, बोलणं वाचलं. घरी सोडताना डॉक्टरनं तिला आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं: "कधीकधी पेशंटला डाव्या बाजूचं भानच राहत नाही. डोळे चांगले असतात, पण ती बाजू आहे हेच मेंदू विसरतो. अर्ध्याच गालाची दाढी करतात, अर्धंच ताट जेवतात. असं काही दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका." आणि तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा तपासायची तारीख आली, तेव्हा फौजदारिणीनंच ती मोडली होती. सून दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. "माणूस घोड्यासारखा हिंडतोय," हिनं उत्तर दिलं होतं, "तिथं नेऊन चार तास बाकावर बसवून आजारी पाडायचाय का?" साऱ्या गल्लीला तिनं तेच सांगितलं होतं. माझ्या हातचं खाऊन उठला, आता काय धाड भरलीय.

न्हाणीचं दार वाजलं. ती लगबगीनं स्वयंपाकघरात आली. तो टॉवेलनं कान पुसत समोरून गेला तेव्हा तिनं आधी त्याचे दोन्ही गाल बघितले. दाढी काल केलेली होती. काही कळेना.

दुपारी तिनं त्याचं ताट स्वतः वाढलं. भात उजवीकडं, डाळ मधे आणि भोपळ्याची भाजी अगदी डाव्या कडेला. चष्माही तिनं त्याच्या डाव्या हाताशी सरकवून ठेवला.

"चष्मा कुणी हलवला?" तो उजवीकडं चाचपत म्हणाला.

"आहे तिथंच. बघा की जरा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, चष्मा सापडला, आणि जेवायला लागला. भात संपला. डाळ संपली. भोपळ्याला त्यानं बोट लावलं नाही. सेहेचाळीस वर्षांत या माणसानं तिनं वाढलेल्या ताटात कधी काही टाकलं नव्हतं. करपलेलं, अळणी, शिळं, सगळं मान खाली घालून जेवायचा, आणि त्याच्या या गुणाचा तिला फार अभिमान होता.

"भाजी राहिली," ती म्हणाली.

"हो का?" तो म्हणाला, पाणी प्यायला, आणि ताट उचलून मोरीत ठेवून खोलीत गेला.

सून ओटा पुसत होती. तिची आज सुट्टी होती. सासू मागं येऊन उभी राहिली, तेव्हा तिनं वळून पाहिलं.

"काय झालं, आई?"

"त्या दवाखान्याचा नंबर आहे का तुझ्याकडं?"

सुनेचा हात थांबला. आता ही बोलणार, फौजदारिणीच्या मनात आलं. मी सांगत होते म्हणणार, आणि आपल्याला ऐकून घ्यावं लागणार. पण सुनेनं फडकं पिळलं, हात पुसले आणि फोन उचलला.

"आजची वेळ मागू?"

"मी मागितली असं सांगू नकोस."

"मी सांगते माझ्या मनानं केला म्हणून. पण झालंय काय?"

फौजदारिणीनं सांगितलं. आधी भोपळ्याचं, मग इंजिनाचं. सांगताना तिनं ओट्यावरचं एकाच स्वच्छ वाटीचं बूड तीनदा पुसलं. सून ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला, आणि तेच बघून सासू जास्तच घाबरली. सून उगाच घाबरणाऱ्यातली नव्हती.

"पाचची वेळ मिळाली," फोन ठेवून सून म्हणाली. "मी गाडी काढते. तुम्ही बाबांना सांगा."

"मी?"

"माझं ऐकतील का ते? तुमचं ऐकतात."

तो टेबलाशी उभा होता. इंजिन मऊ कागदावर आडवं ठेवून गुंडाळायच्या बेतात होता.

"कपडे बदला," ती दारातून म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"कुणाला बघायला?"

"तुम्हाला दाखवायला."

"मला काय झालंय? मी घोड्यासारखा हिंडतोय म्हणून गल्लीभर सांगत फिरतेस ना?"

एरवी या बोलण्याला तिनं सव्याज उत्तर दिलं असतं. ती आत आली, कागदावरून इंजिन उचललं (दहा वर्षांत पहिल्यांदा) आणि कोरी बाजू त्याच्या नाकासमोर धरली.

"ही बाजू दिसत नाही का हो तुम्हाला?"

त्यानं इंजिनाकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. इंजिन पडू नये म्हणून त्यानं खालून आपला हात लावला.

"दिसते की."

"मग हिला मळ कुठं आहे?"

"ती माझी बाजू आहे."

"म्हणजे काय? अर्धं इंजिन तुमचं?"

"अर्धंच तर होतं." त्यानं इंजिन तिच्या हातातून सोडवून फळीवर ठेवलं. "अगं, शेडला लागलो तेव्हा मी पोरगेलासा क्लीनर. एका इंजिनाला दोन क्लीनर असायचे. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या घ्यायच्या आणि धुराड्यापासून शेवटच्या चाकापर्यंत पुसत जायचं. डावी माझी. उजवी लाटसाहेबाची."

"तो लाटसाहेब? दवाखान्यात तुमच्या उशाशी खुर्चीत घोरत पडलेला?"

"तोच. तीन रात्री घोरला, पण घरी गेला नाही." तो हसला. "तेव्हाही हेच करायचा. वर केबिनमध्ये चढून झोपायचा. त्याच्या बाजूला भिंत होती, फोरमन तिकडं कधी फिरकायचा नाही. तीन वर्षं आमचं इंजिन असंच बाहेर पडायचं. एका अंगानं नवरदेव, दुसऱ्या अंगानं कोळशाची वखार. त्याचं म्हणणं, त्याचीही बाजू माझ्याइतकीच स्वच्छ असायची. अजून भांडतो. म्हटलं, पाठवावं करून. ठेव म्हणावं कपाटात, आणि कुठली बाजू बाहेर ठेवतोस ते कळव."

तिनं खोक्यावरची चिठ्ठी जवळ ओढली आणि पहिलं अक्षर बोटानं धरलं. मग दुसरं. लाटसाहेबाचंच नाव होतं.

"आणि कोरी नाही ती," तो म्हणाला. त्याला आता चेव आला होता. "दुकानातली चकाकी वेगळी, प्लास्टिकची. ही रॉकेलनं पुसलेल्या लोखंडाची आहे. तीन हात दिलेत वार्निशाचे, पाणी घालून पातळ केलेले. मळापेक्षा हेच अवघड. उजेडात धर."

तिनं धरलं. खरंच, काळ्यावर तेलाचा निळा-जांभळा तवंग होता, इतका पुसट की जाणून बघितल्याशिवाय दिसू नये.

"आता इकडं ये." त्यानं इंजिन फिरवलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. केबिनच्या दाराशी नखाएवढा उभा दांडा होता. सगळा काजळीनं माखलेला, फक्त मधे एक ठिपका स्वच्छ, झिजून उजळलेला.

"हे काय?"

"झोपायला चढताना तो इथं धरायचा. सबंध बाजूला त्याचा हात लागायचा तो एवढाच."

तिनं भिंगातून तो ठिपका पुष्कळ वेळ पाहिला. मग ती त्याच्या खुर्चीत बसली. छातीत सकाळपासून धरलेला श्वास बाहेर पडला तो असा, की टेबलावर सांडलेली राखेची भुकटी भुर्रकन उडाली. एरवी तो ओरडला असता. आज त्यानं नुसतं फडक्यानं टेबल पुसलं.

"आणि भोपळा?" तिनं विचारलं. एवढं एक राहिलं होतं.

"भोपळा काय?"

"सबंध टाकलात. डावीकडं होता."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "कुठंही असता तरी टाकला असता. मला भोपळा आवडत नाही."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. दवाखान्यात पडल्या पडल्या ठरवलं, आता उरलेल्या दिवसांत भोपळा नाही."

दारात सून उभी होती. गाडीची किल्ली हातात, चेहरा तसाच. तिनं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. सासऱ्यानं एक हात इंजिनावर ठेवला होता, आणि सासू लाल झालेल्या डोळ्यांनी हसत होती. हे तिनं या घरात क्वचितच पाहिलं होतं.

"आई? निघायचं ना? की नको म्हणून कळवू दवाखान्यात?"

फौजदारिणीनं भिंग टेबलावर ठेवलं. "पाचची आहे ना वेळ? असू दे. जाऊ या." मग जरा थांबून, दुसरीकडं बघत ती म्हणाली, "मागची मी मोडली, ते चुकलं."

सुनेनं मान हलवली आणि ती गाडी काढायला गेली.

नवरा शर्टाची बटणं लावू लागला. वरून खाली, एकही न चुकवता. ते ती बघत राहिली. मग उठली, इंजिन पुन्हा दोन्ही हातांत घेतलं आणि खिडकीशी नेऊन एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं पाहिलं. तो बटणं लावायचा थांबला. दहा वर्षांत तिनं त्याच्या कामाबद्दल मत दिलं नव्हतं. तोंड वाकडं केलं होतं तेवढंच.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं.

"लाटसाहेबाची बाजू खरी वाटते," ती म्हणाली. "तुमची साफ खोटी आहे. सेहेचाळीस वर्षं तुम्ही माझ्या खिडक्या पुसताय, एका तरी कोपऱ्यात कधी फडकं पोचलंय का? आल्यावर कोपऱ्याकोपऱ्यात मळ भरा, मग पाठवा."