दुधाच्या डब्यावरची 'हळू'

मी 'हळू' बोलतेय. माझा आवाज बारीक आहे असं नव्हे. माझ्या अंगावर लिहिलेला शब्दच 'हळू' आहे. मी कागदाची एक चिठ्ठी. कुंडलजवळच्या एका शाळेत, चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात माझा जन्म झाला.

माझा बाप कुस्त्यांच्या मैदानाचं हँडबिल. वर्गाच्या विजयमालाबाईंनी कात्रीने त्याचे तुकडे केले आणि कोऱ्या बाजूला एकेक शब्द लिहिला. माझ्या पाठीवर अजून 'जंगी' एवढंच छापलेलं आहे. पुढून हळू, मागून जंगी, असा माझा स्वभाव.

बाईंनी घरून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणली होती. पोरांनी चिठ्ठी उचलायची, वाचायची आणि जिथं शोभेल तिथं चिकटवायची, असा खेळ. 'फळा' फळ्यावर गेला, 'खिडकी' खिडकीला लागली. 'कुंडी' बाहेर लावली, तर खळीच्या वासाने आलेल्या बोकडाने ती खाऊन टाकली. मला जायचं होतं दारावर. ते दार वाऱ्याने असं आपटायचं, की म्हणता म्हणता पाढा अर्ध्यावर तुटायचा.

पण मला उचललं जाईनं.

ही पोर जतच्या पलीकडून, कानडी मुलखातून आलेली. बाप यल्लाप्पा इथं विहिरींच्या कामावर. पहिल्याच दिवशी तिच्या बोलण्यावर वर्गातला सयाजी खिदळला आणि तिने तोंडाला कुलूप लावलं. दोन महिने झाले, ते काही निघेना. आदल्याच दिवशी यल्लाप्पा बाईंना सांगून गेला होता, "बोलतच न्हाई, तर हितं बसून काय करणार, बाई? शनिवारी नेतो तिला. घरी धाकट्याला तरी सांभाळंल." तेव्हापासून बाईंचा चेहरा उतरला होता. हा खेळ त्यांनी जाईसाठीच काढला होता.

जाईनं मला ओठांतल्या ओठांत वाचलं, पाठीला खळ फासली आणि दाराकडे ढुंकूनही न बघता मला दूध पावडरच्या डब्यावर थापलं.

सगळा वर्ग खो खो हसत सुटला. "आवं बाई, हिनं डब्याला 'हळू' चिकटवलं," सयाजी म्हणाला. बाई उठल्या. त्यांनी नखाने माझा कोपरा उचलला. मला घाम फुटला. अर्थात ती खळच होती.

तेवढ्यात जाईचा तळहात माझ्यावर पडला.

"काढू नगा," ती म्हणाली. "हालु. आमच्यात दुधाला हालु म्हंत्यात."

बाईंनी माझा कोपरा अंगठ्याने परत दाबून बसवला आणि विचारलं, "आणि पाण्याला गं?"

"नीरु."

"आणि दाराला?"

"बागिलु."

मग काय, शाळा सुटेपर्यंत तिची टकळी थांबली नाही. दुपारी दूध वाटताना सयाजीनंच पेला पुढं केला. "बाई, मला हालु वाढा. पर हळू नगं, भरभर वाढा." जाई तोंडावर हात धरून हसली. कागदाचं मन ते केवढं, पण मला भरून आलं.

शनिवारी यल्लाप्पा लेकीला न्यायला आला. जाई दुधाच्या रांगेत उभी राहून सयाजीला दटावत होती, "मधी घुसू नगंस रं. मागं हो." यल्लाप्पा दारातच थबकला.

"आता हिला गप कसं करायचं, बाई?" एवढंच तो म्हणाला आणि आला तसा एकटाच परत गेला.

आता शाळेतलं दूध बंद झालंय. डब्यात खडू असतात. जाई यंदा सातवी पास होऊन गेली. माझे कोपरे वळलेत, शाई फिकी पडलीय, पण डोळे बारीक केले तर अक्षर लागतं. उद्या डब्याला रंग द्यायचा आहे आणि नव्या हेडमास्तरांनी त्याआधी मला खरवडायला सांगितलंय.

माझी तक्रार नाही. फक्त खरवडणाऱ्या हाताला एकच विनंती आहे. आधी मला वाचा. मग मी सांगते तसं खरवडा.